'अकाउंटेबिलिटी'ला जबाबदारी म्हणायचं का उत्तरदायित्व?

बोरूबहाद्दर: मंडळी, जरा अडकलोय. मामेबहीण कॅलिफोर्नियात असते, नोकरी गेल्यावर तिथल्या जॉब सेंटरला जाऊन आली, तिला त्यावर देखरेख ठेवणाऱ्या लोकल वर्कफोर्स डेव्हलपमेंट बोर्डाबद्दल मराठीत दोन पानं लिहून देतोय. 'मंडळ' लिहिलं तर म्हणते वर्गणी मागणार का. वर्कफोर्सला मनुष्यबळ चालेल ना? आणि अकाउंटेबिलिटीला काय?

सासवडकर: मनुष्यबळ नको रे बाबा. इकडे टेंडरात 'मनुष्यबळ पुरवठा' असतं, वाचलं की थेट ठेकेदारच डोळ्यासमोर येतो. 'रोजगार व कौशल्य विकास मंडळ' कर. आणि मंडळ म्हणजे काय फक्त गणपतीचंच असतं का, 1969 च्या कायद्याखालची माथाडी मंडळं आहेतच की.

खारेदाणे: माथाडीवरून मात्र गैरसमज होईल हां. तिथे मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात. अमेरिकेत 2014 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे स्थानिक बोर्डावर निम्म्याहून जास्त माणसं धंदेवाली, कामगारांच्या बाजूची किमान 20 टक्के. मंडळच लिही, पण हे लगेच खाली सांगून टाक.

आता अकाउंटेबिलिटी. जबाबदारी आपल्याकडे घेतात, टाकतात, झटकतात, आणि 'जबाबदार कोण' हे अपघात झाल्यावर विचारतात. उत्तरदायित्व बरोबर आहे पण ते जीआरमध्ये, तोंडात कोणाच्या नाही. 'जबाबदेही' तर सरळ हिंदीतून उचललेलं. मला 'जाब' आवडतो, कारण जाब म्हटलं की विचारणारा आणि देणारा दोघं समोर उभे राहतात.

बोरूबहाद्दर: हे बसतंय! कारण विचारणारा आहे ना, राज्याचा गव्हर्नर. दर 2 वर्षांनी बोर्डाला मान्यता तोच देतो, आणि लागोपाठ 2 वर्षं ठरलेलं काम दाखवलं नाही तर काढूनही घेऊ शकतो. काम म्हणजे, माणूस जॉब सेंटरची मदत घेऊन बाहेर पडल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत नोकरीत आहे का, दुसऱ्या तिमाहीत मिळकतीचा मध्यक किती (सरासरी नाही हां, शाळेतला मध्यक) वगैरे. शिवाय कॅलिफोर्नियाने स्वतःचा कायदा केला 2011 साली, की ठरावीक केंद्रीय निधीतला किमान 25 टक्के पैसा ट्रेनिंगवरच गेला पाहिजे, 2016 पासून 30 टक्के. नाहीतर सगळा ऑफिसात आणि पगारात जिरायचा.

सासवडकर: मग ते दुसरं 'हिशेब देणं' झालं. पैशाचा हिशेब, कामाचा जाब. एकाच शब्दात दोन्ही कोंबायला जाऊ नकोस.

खारेदाणे: +१. फक्त शीर्षकात उत्तरदायित्व ठेव, नाहीतर 'मंडळाला जाब' वाचून मोर्चा निघालाय असं वाटेल.