मदत हवी आहे: शाकाहारी घरात बोक्याचं खाणं कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घरी दीड वर्षाचा बोका आहे, सोन्या. घर शाकाहारी, त्यामुळे आई पहिल्यापासून त्याला दूध-भाकरीच कुस्करून घालते. हल्ली त्याच्या अंगावरची चकाकी गेलीय, पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात, आणि दूध प्यायला की जुलाब. डॉक्टर म्हणाले, मांजराला मांसातलं टॉरिन लागतंच, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. ऐकून पोटात गोळाच आला.

सध्या अंडं उकडून देतोय, वाटी चाटूनपुसून खातो. पण तेवढ्यावर भागणार नाही. कोरडं खाद्य द्यावं तर ह्या उन्हातही तो पाणी कमी पितो, आणि बोक्यांना लघवी तुंबायचा धोका जास्त. पाकिटातलं ओलं खाद्य रोज परवडत नाही. दोन्ही मिळून कुणी देतं का? दिवसातून किती वेळा?

चिकन स्वयंपाकघरात शिजवायला आई तयार नाही. गच्चीवर वेगळ्या शेगडीवर, कांदा-लसूण-मसाला न घालता उकडून दिलं तर चालेल? आणि आईला कसं समजवायचं? तिचाच त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव आहे हो.