मदत हवी आहे: द्राक्ष निर्यातीच्या साखळीवर पीएचडी, पण प्रश्नावली भरून घ्यायची कोणाकडून?

बागलाणी

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये व्यवस्थापन विषयात पीएचडी करते आहे. विषय मंजूर झालाय: जिल्ह्यातल्या द्राक्ष निर्यातीच्या पुरवठा साखळीतली जोखीम आणि लवचिकता (धक्क्यातून सावरण्याची ताकद). अडले आहे ते पद्धतीवर.

गाईडना ३०० जणांची प्रश्नावली हवी आहे. पाच पर्यायांची, "आमचा व्यवसाय अडचणीतून लवकर सावरतो" छापाची विधाने, आणि वर पीएलएस-एसईएम (घटकांमधले संबंध तपासणारी संख्याशास्त्रीय पद्धत). विभागातले बरेच प्रबंध याच साच्यातले आहेत आणि व्हायव्हा सुरळीत पार पडतात, हे मला समजते. पण युरोपला माल पाठवणारे निर्यातदार आणि पॅकहाउसवाले (माल पॅक करून थंड ठेवणारे) मिळून ३०० आणायचे कुठून? बागायतदार धरले तर आकडा भरतो, पण मग सटाण्याचा अर्ली द्राक्षवाला आणि रॉटरडॅमच्या आयातदाराशी रोज बोलणारा माणूस एकाच विधानावर टिक करणार. पायलटमध्ये पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यात काहींकडून फॉर्म भरून घेतले. जवळजवळ सगळे "सहमत"! फॉर्म बाजूला ठेवून गप्पा सुरू झाल्या की मात्र वेगळेच ऐकू येते.

वाचन बऱ्यापैकी झालेय. या विषयातले नेहमीचे लेखक: क्रिस्टोफर-पेक, शेफी, पोनोमारोव्ह-होलकॉम्ब, कोविडनंतरचे इव्हानोव्ह-डोल्गुई. उदाहरणे फिरून फिरून तीच येतात. २००० साली अल्बुकर्कीला फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली, तिथून चिप घेणाऱ्यांपैकी नोकिया सावरली, एरिक्सन अडकली. २०११ चा जपानचा भूकंप, त्याच वर्षीचा थायलंडचा पूर. हा सगळा कारखान्यातला माल गोदामात पडून राहिला तरी सडत नाही. जादा साठा ठेवा, दुसरा पुरवठादार बघून ठेवा, हे सल्ले तोडणीला आलेल्या घडाला कसे लावायचे?

गाईड म्हणतात, जमत नसेल तर सातपूर-अंबडच्या ऑटो व्हेंडरांवर करा, ओळखी आहेत. मला द्राक्ष सोडायचे नाही. मोजक्या केसेस खोलात घेऊन पीएचडी उभी राहते का? कोणी केले आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

आकडेमोड

३०० हा आकडा कुठून आला ते गाईडना आदबीने विचारा. पीएलएसमध्ये "बाणांच्या दहापट" (मॉडेलमध्ये एका घटकाकडे जास्तीत जास्त जितके बाण, त्याच्या दहापट नमुने) हा जुना नियम आता कोणी फारसा मानत नाही. कॉक आणि हदाया यांची २०१८ ची पद्धत बघा. ५ टक्के सार्थकता पातळी आणि ८० टक्के पॉवर (खरा संबंध हाती लागण्याची शक्यता) धरली तर ०.२ एवढा पाथ (दोन घटकांतला संबंध) पकडायला साधारण १५५ नमुने लागतात, ०.३ असेल तर ६९. म्हणजे संख्येचे भांडण तुम्ही जिंकाल.

पण खरी गोची संख्येची नाहीच. एकच माणूस, एकाच बैठकीत, एकाच कागदावर "आमची तयारी चांगली" आणि "आमची कामगिरी चांगली" या दोन्हींवर टिक करतो आणि आपण त्यांच्यातला संबंध शोधून काढतो. तो संबंध निघणारच. मग शेवटी हार्मनची चाचणी (सगळी उत्तरे एकाच दिशेला झुकली आहेत का ते बघणारी) लावून "बायस आढळला नाही" असे लिहायचे. ती चाचणी इतकी ढिली आहे की तिच्यात सहसा कोणी अडकत नाही. प्रश्नावली ठेवायचीच असेल तर निदान कामगिरीची बाजू कागदपत्रांवरून घ्या: तोडणीची तारीख, कंटेनर भरल्याची तारीख, पोचल्याची तारीख, क्लेम (माल खराब म्हणून आयातदाराने मागितलेली भरपाई) किती बसला. त्यासाठी ३० कंटेनरही ३०० टिकांपेक्षा मोलाचे.

सिमची-लेव्ही आणि मंडळींनी फोर्डसाठी केलेले काम (२०१४) वाचले का? त्यात कोणती आपत्ती किती शक्यतेने येईल हा प्रश्नच नाही. प्रत्येक टप्प्याला दोन आकडे: तो बंद पडला तर पूर्ववत व्हायला किती वेळ, आणि तोवर पुढची साखळी किती वेळ तग धरेल. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तिथे तुमची जोखीम.

पॅकहाउसवाला

मी याच धंद्यात आहे, पीएचडीतले कळत नाही. पण हे दोन आकड्यांचे पटले, म्हणून लिहितो.

आमच्याकडे तग धरायचा वेळ प्रत्येक पायरीला वेगळा. घड वेलीवर असेपर्यंत थोडी सवड असते, तीही पाऊस आला नाही तर. एकदा तोडला की काही तासांत प्री-कूलिंगला (झटपट थंड करायला) गेला पाहिजे. पनेट (छोटे डबे) भरून, ग्रेप गार्डचा (बुरशी रोखणारा) कागद टाकून शून्य अंशाच्या आसपास ठेवला की मग आठवड्यांत मोजता येते. त्यामुळे "साखळी किती दिवस टिकेल" हा प्रश्न मोघम आहे. कोणत्या पायरीवर अडली ते आधी सांगा.

लाल समुद्राचेच घ्या. नोव्हेंबर २०२३ पासून हुथींचे हल्ले सुरू झाले, डिसेंबरात मोठ्या कंपन्यांनी जहाजे वळवली आणि आमचा हंगाम जानेवारीत उघडला. सुवेझऐवजी केप ऑफ गुड होपवरून म्हणजे दहा-पंधरा दिवस जास्त. भाडे वाढले ते निराळेच. तरी न्हावाशेव्याहून कंटेनर निघाले आणि पोचले. तुमच्या फॉर्मवर मीही "आम्ही सावरलो, पूर्ण सहमत" असेच लिहिले असते आणि ते खोटे नव्हते. पण जादा भाडे आणि जादा दिवसांची जोखीम कोणी उचलली, हा प्रश्न फॉर्मवर कुठे आहे? बागेवर भाव ठरवून माल घेतला असेल तर ती निर्यातदाराच्या अंगावर. विक्री होईल तसे पैसे अशा बोलीवर गेला असेल तर पट्टी (विक्रीचा हिशोब) येईपर्यंत शेतकऱ्याला पत्ता नसतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही साखळ्या सारख्याच दणकट दिसतात.

२०१० चेही बघा. क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले म्हणून युरोपने माल अडवला. त्यानंतर ते रसायन तपासणीच्या यादीत आले. ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन नोंद) प्लॉटची नोंदणी आधीपासून होतीच, ती आणखी कडक झाली. पुढच्या हंगामांत निर्यात परत उभी राहिली, म्हणजे साखळी सावरली. ज्याचा माल त्या वर्षी अडकला आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज होते, तो किती वर्षांनी सावरला हे कोणी मोजलेले मी तरी पाहिले नाही.

रांगडा

द्राक्षवाल्यांच्या धाग्यात कांदा घुसवतो, माफी असावी :)

ताई, तुलनेसाठी कांदा घ्या. धक्क्यांच्या तारखा सरकारनेच छापून दिल्यात. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरपासून थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर आणि ४० टक्के मानगुटीवर राहिलेच. सप्टेंबरात शुल्क २० वर, आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. लासलगावची रोजची आवक आणि भाव अॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. फॉर्म घेऊन दारोदार फिरायची गरज नाही.

गंमत अशी की ऑगस्टच्या शुल्काने मारले ते कांदाचाळीतल्या उन्हाळ कांद्याला. तो ठेवता येतो, व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले तरी शेतकरी दातओठ खात थांबू शकला. डिसेंबरच्या बंदीने पकडला लाल कांदा. त्याला टिकवणच नाही, काढला की मार्केटला. बाजार समिती तीच, व्यापारी तेच, वाहने तीच. फरक फक्त मालाच्या टिकवणीचा. पॅकहाउसवाले म्हणतात ते पायऱ्यांचे गणित तुम्हाला इथे आयते मिळेल.

चहाटळ

गाईडना कांदा दाखवू नका, डोळ्यात पाणी येईल.

बागलाणी

सर्वांचे आभार, चहाटळ यांचेसुद्धा!

@आकडेमोड, १५५ चा संदर्भ सोमवारी गाईडपुढे ठेवते. तग आणि पूर्ववत होण्याच्या वेळेची मांडणी मला आवडली, पण फोर्डमध्ये ती अख्ख्या कंपनीच्या नुकसानीवर मोजली जाते. एकच मालक असल्यामुळे ते चालते. इथे प्लॉट, पॅकहाउस आणि निर्यातदार तीन वेगळ्या खिशांचे. पॅकहाउसवाल्यांचे वाचून ठरवले की सावरण्याचा वेळ प्रत्येक खिशाचा स्वतंत्र काढायचा आणि सौद्याची बोली (बागेवर ठरलेला भाव की विक्रीनंतर पट्टी) हा मुख्य फरक धरायचा. तीन-चार निर्यातदार, प्रत्येकाच्या दोन्ही बोलींतले काही प्लॉट, २०२३-२४ चा हंगाम. प्रश्नावली राहील, पण फक्त बागायतदारांसाठी आणि तिच्यात "सहमत-असहमत" नाही. पट्टी कधी आली, छाटणीला उधारी करावी लागली का, पुढच्या वर्षी निर्यातीचा प्लॉट ठेवला का, असे प्रश्न.

@रांगडा, कांदा एका प्रकरणापुरता घेईन. सगळाच घेतला तर हा प्रबंध पुढच्या सिंहस्थापर्यंत चालेल.

एक अडचण उरते. कंटेनरचे कागद निर्यातदार दाखवतील का? आणि क्लेमचे आकडे?

पॅकहाउसवाला

क्लेम सुरुवातीला मागू नका, दार बंद होईल. आधी तारखा आणि टेम्परेचर रेकॉर्डर मागा, ते द्यायला कोणी कुरकुरत नाही. आयातदाराचे नाव खोडून घ्या, तुमच्या बाजूने लेखी द्या की नावे छापणार नाही. आणि हंगामात येऊ नका. जानेवारी ते मार्च आम्ही घरच्यांनाही भेटत नाही. एप्रिलअखेर या, माणूस निवांत असतो आणि हिशोब ताजा असतो.

पट्टीचे मात्र शेतकऱ्याकडूनच घ्या. आमच्याकडची आणि त्याच्याकडची जुळते का तेही बघा.

आकडेमोड

शेवटच्या वाक्यासाठी वेगळा कॉलम ठेवा. दोन्हींकडच्या तारखांतले अंतर हेच तुमचे सगळ्यात चांगले चल (व्हेरिएबल) ठरू शकते. सोमवारी गाईड काय म्हणाले ते इथे लिहा.