युद्धातले प्राणी: तिसरी-चौथीच्या मुलांना कसं सांगाल?

शुभदा_के: नमस्कार. कोल्हापुरात आमच्या सोसायटीत दर शनिवारी मुलांचा वाचनगट घेते. चेतकची गोष्ट संपल्यावर एका मुलीने विचारलं, "पण चेतकला लढायचं होतं का?" तिचा प्रश्न धरून दोन-तीन शनिवार युद्धातल्या प्राण्यांवर बोलायचं आहे. पुस्तकं, चित्रं, खेळ, काहीही सुचवा. खर्च हजार रुपयांच्या आत. रक्तपात नको, पण खोटंही सांगायचं नाही.

घोडदौड: मुलीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा हाइड पार्कलगतचं युद्धातल्या प्राण्यांचं स्मारक पाहिलं, २००४ सालचं. ओझं लादलेली दोन खेचरं भिंतीतल्या फटीकडे निघालीत, पलीकडे घोडा आणि कुत्रा. भिंतीवर कोरलंय, त्यांना पर्याय नव्हता. तुमच्या मुलीला उत्तर तिथे मिळेल. जमलं तर मुलांना एकदा दाखवाच.

मनोज_सातारकर: हजारात लंडन? आपलं दिल्लीचं तीनमूर्ती स्मारक सांगा. पहिलं महायुद्ध, २३ सप्टेंबर १९१८, आताच्या इस्रायलमधलं हैफा. जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी मशीनगनसमोर घोडे घातले आणि शहर घेतलं. मी धाकट्याला घोडेस्वारांचा धातूचा संच आणला, साडेचार हजारांचा. अजून नव्यासारखा आहे. घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्यावं.

रेवा_पुणे: तीनमूर्तीवर तीन सैनिक उभे आहेत, घोडा एकही नाही. आणि प्रश्न घोड्याचा होता.
माझ्या मुलाला एका उन्हाळी शिबिरात पहिल्या महायुद्धातले घोड्यांचे फोटो दाखवले, विषारी वायूसाठी मुखवटा बांधलेले. कित्येक रात्री तो दिवा चालू ठेवून झोपला. आम्हाला आधी कुणी विचारलंही नाही. मरणापासून सुरुवात करू नका. त्या प्राण्याची देखभाल कोण करायचं, तो खायचा काय, झोपायचा कुठे, इथून सुरू करा. वाईट शेवट या वयात सांगूच नये.

अण्णा_मेरठवाले: माझी नोकरी मेरठला, रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये गेली. लष्कराचे कुत्रे तिथे तयार होतात, आता मुधोळ जातीचेसुद्धा. सगळे कुत्र्या-घोड्यांवर बोलतात, खेचराचं नाव कुणी घेत नाही. डोंगरी तोफ सुटी करायची आणि एकेक भाग एकेका खेचराच्या पाठीवर चढवायचा. १९९९ ला कारगिललाही, जिथे गाडी जात नव्हती तिथे सामान खेचरांनीच वर नेलं. लोक त्याला हट्टी म्हणतात. हट्टी नाही ते. पाय टाकायच्या आधी जागा बघतं. हे मुलांना सांगा, त्यांना लगेच पटतं.

स्वाती७७: कबुतरं कुणालाच आठवली नाहीत का? ओडिशा पोलिसांकडे १९४६ पासून कबुतरांची डाक आहे. १९९९ च्या चक्रीवादळात फोन बंद पडले तेव्हा हीच कामी आली.

मनोज_सातारकर: ते पोलीस झाले. युद्ध कुठे आलं त्यात?

स्वाती७७: कबुतरं लष्करानेच दिली होती. आणि ब्रिटनमध्ये १९४३ ला प्राण्यांसाठी डिकिन पदक सुरू झालं. १९४९ पर्यंत ५४ पदकं दिली, त्यातली ३२ कबुतरांना. घोड्यांना ३.

नवखा_वाचक: चेतकची गोष्ट सांगा ना ताई. मुलांना खूप आवडते.

रेवा_पुणे: ती झाली आहे. धागा वरून वाचा.

रानवाटा: मागावा! कंबोडियात पुरलेले सुरुंग वासावरून शोधणारा आफ्रिकी उंदीर. त्याने ७१ सुरुंग शोधले, २०२० ला सुवर्णपदक मिळालं. वजन इतकं कमी की त्याच्या पायाखाली सुरुंग फुटत नाही. शेवटही गोड, म्हातारपणी निवृत्त झाला.

वळिवडेकर: कोल्हापूरच्या माणसाने लंडन-दिल्ली ऐकत बसावं याचं वाईट वाटतं. १९४३ ते ४८ आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. सोव्हिएत रशियातून सुटून इराणमार्गे आलेली. त्याच वाटेने निघालेल्या पोलिश सैनिकांनी १९४२ ला इराणमध्ये अस्वलाचं एक पिल्लू विकत घेतलं. व्हॉयटेक. इटलीला जाणाऱ्या जहाजावर प्राणी चालत नव्हते, म्हणून त्याची शिपाई म्हणून नोंद केली. १९४४ ला इटलीतल्या माँटे कॅसिनोच्या लढाईत त्याने तोफगोळ्यांच्या पेट्या वाहिल्या.

मनोज_सातारकर: ते अस्वल बिअर प्यायचं आणि सिगारेटी खायचं. मुलांना हे सांगणार?

घोडदौड: शिवाय शेवट एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात, १९६३ पर्यंत पिंजरा. सैनिक जगभर पांगले. नको, मुलं रडतील.

स्वाती७७: परकं अस्वल कशाला? कबुतरंच घ्या.

शुभदा_के: सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णा, खेचराची गोष्ट नक्की सांगणार, तुमच्याच शब्दांत. पण मुख्य गोष्ट व्हॉयटेकची घेते, आणि पिंजऱ्यासकट. त्या मुलीने जे विचारलंय ते पदकांच्या गोष्टींत कुठेच येत नाही. अस्वलाला पेट्या उचलायला आवडत असेलही, पण पिंजरा त्याने मागितला नव्हता. हे तिला कळेल, तिचा प्रश्नच तसा आहे. बिअरचं विचारलं तर खरं सांगेन. विकत काही घेत नाही. महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे, पहिल्या शनिवारी तिथे जाऊ. फक्त इराण, इटली, स्कॉटलंड आणि कोल्हापूर एकाच पानावर येईल असा मोठा नकाशा हवा आहे. कुणाकडे आहे?

मनोज_सातारकर: भिंतीवरचा आहे, लॅमिनेट केलेला, बाविसशेचा. साताऱ्याहून न्यावा लागेल. संचही बघून जा.

वळिवडेकर: माझ्याकडे शाळेचा जुना आहे. शुक्रवारी आणून देतो.