ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे! सायकॉलॉजीच्या परीक्षेतले शब्द मराठीत कसे समजवायचे?

नमस्कार मंडळी, शब्दांची थोडी अडचण आहे म्हणून लिहितेय. माझी भाची कॅनडात असते, तिकडे बऱ्याच ठिकाणी सायकॉलॉजिस्टचं लायसन्स पाहिजे तर ईपीपीपी नावाची परीक्षा द्यावी लागते, २२५ प्रश्न आणि सव्वाचार तास, त्यातले १७५ च मार्कांत धरतात पण कुठले ते सांगत नाहीत, म्हणजे सगळेच जीव ओतून सोडवायचे. पोरगी हुशार आहे, पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, पण चौथीपर्यंत डिचोलीला मराठी शाळेत होती आणि एखादी गोष्ट डोक्यात पक्की बसायला तिला अजून मराठीच लागतं. मी २५ वर्षं हायर सेकंडरीला मानसशास्त्र शिकवलंय, त्यामुळे रोज संध्याकाळी मी दिवा लावते तेव्हा तिचा फोन येतो, तिकडे सकाळ असते. "मावशे, ह्याला मराठीत काय म्हणायचं गो?"

परवा सराव परीक्षेत तिचे चार प्रश्न चुकले आणि चारांतले तीन एकाच शब्दापायी. नेगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. आपल्या पुस्तकांत प्रबलन हा शब्द आहे, तो चांगलाच आहे, बळ देणे, एखादं वागणं पुन्हा घडावं म्हणून त्याला बळ मिळणं. घोळ होतो तो पुढच्या विशेषणाने. काही पुस्तकांत नकारात्मक प्रबलन, काही ठिकाणी ऋण प्रबलन. आता नकारात्मक हा शब्द आपण दिवसभर कशासाठी वापरतो? नकारात्मक विचार, नकारात्मक माणूस, म्हणजे वाईट. मग मुलांच्या मनात सरळ बसतं की नकारात्मक प्रबलन म्हणजे छडी. मी शिकवत होते तेव्हाही दरवर्षी अर्धा वर्ग इथेच घसरायचा.

मी तिला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली गोष्ट सांगितली, डोळ्यासमोर घडलेली. एक बाई तीनेक वर्षांच्या मुलाला घेऊन चणेवाल्यापुढून चाललेली, मुलाने खाज्यासाठी भोकाड पसरलं, जमिनीवरच बसला, आईने दोन मिनिटं दम धरला आणि मग पुडी घेऊन हातात दिली. रडणं थांबलं. आता बघा, मुलाला खाजं मिळालं म्हणून पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा रडणार, हे धन प्रबलन, पॉझिटिव्ह रीइन्फोर्समेंट. पण आईला काय मिळालं? तिला काहीच मिळालं नाही, तिचं काहीतरी *गेलं*, कानाशी चाललेली ती रड गेली, आणि म्हणून पुढच्या शुक्रवारी ती पुडी लवकर काढणार. हे ऋण प्रबलन. कोणी कोणाला शिक्षा केली नाही, दोघांचंही वागणं वाढलंच.

भाचीला पटलं, पण म्हणते, मावशे, पेपरात बाजार नसतो, एका ओळीचा शब्द दे. तर तुम्ही काय सुचवाल? नकारात्मक, ऋण, की आणखी काही?

प्रतिसाद, साखळीहून

ताई, मी गणित शिकवतो म्हणून माझं मत ऋणाच्या बाजूने. आमच्या विषयात ऋण म्हणजे वजा, बस्स, वजा तीन ही संख्या काही वाईट चालीची नसते. नकारात्मक मात्र नकोच. फक्त आजच्या मुलांना ऋण म्हटलं की कर्ज आठवतं. त्यामुळे तोंडी सांगताना सरळ वजा म्हणा, वजा प्रबलन, पुस्तकी नाही वाटत पण चुकणार नाही.

आणि प्रश्न सोडवताना क्रम ठरवून द्या तिला. पहिला प्रश्न, वागणं वाढलं का घटलं? वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा, इथे दुसरं काही बघायचंच नाही. मग दुसरा प्रश्न, त्या वागण्यानंतर काही आलं का काही गेलं? आलं तर अधिक, गेलं तर वजा. मुलाचा मोबाईल काढून घेतला आणि उशिरा घरी येणं कमी झालं तर ती वजा शिक्षा. सीटबेल्ट लावल्यावर टींटीं थांबतं म्हणून आपण लावतो, ते वजा प्रबलन. बरीच मुलं आधी अधिक-वजा बघतात आणि मग चांगलं-वाईट ठरवतात, तिथेच फसतात.

प्रतिसाद, मडगावहून

वजा ह्या शब्दाला माझंही मत. मी काउन्सेलिंग करते आणि हा शब्द नीट कळणं नुसता परीक्षेपुरता नाही, भीतीचा आजार का टिकतो ते ह्याच्याशिवाय कळतच नाही.

माझ्या जावेचं उदाहरण देते, तिने परवानगी दिलीय. तिचं माहेर चोडणला, रायबंदरहून फेरीबोट. एकदा पावसात बोट मध्येच हलली आणि तिला धडधड सुरू झाली, श्वास पुरेना. त्यानंतर धक्क्यापर्यंत जायची, फेरीची फळी खाली येताना तो लोखंडाचा खडखडाट ऐकला की पोटात गोळा यायचा, आणि स्कूटर वळवून घरी. वळवली की हायसं वाटायचं. सगळे म्हणायचे भित्री आहे. मी म्हणते ते हायसं वाटणं हेच औषधासारखं लागू पडत होतं आणि तेच रोग वाढवत होतं, भीती वजा झाली म्हणून पळणं बळावलं, दर खेपेला जास्त. पुढे आम्ही काय केलं तर आधी नुसतं धक्क्यावर उभं राहायचं, दोन बोटी जाऊ द्यायच्या, मग उभ्या बोटीत चढून उतरायचं, मग एक फेरी. भीती आपोआप ओसरेपर्यंत तिथून हलायचं नाही एवढीच अट. ह्या उपचाराला पुस्तकात उद्भासन की काय लिहिलेलं बघितलंय, मला ते कधीच जिभेवर बसलं नाही, मी सामोरं जाणं म्हणते आणि सगळ्यांना कळतं.

धागा सुरू करणारी

किती छान सांगितलंत. हे मी आजच तिला ऐकवते. फळीचा खडखडाट हा पाव्हलॉवच्या, म्हणजे कुत्र्यांच्या लाळेवर प्रयोग करणाऱ्या त्या रशियन शास्त्रज्ञाच्या, बाजूचाही नमुना आहे बघा, म्हणजे आपल्या पुस्तकातलं अभिजात अभिसंधान, क्लासिकल कंडिशनिंग. हा शब्द उच्चारतानाच मुलं दमतात! अभिसंधान म्हणजे जोड लागणं. मी वर्गात पाव्हलॉवचा कुत्रा नंतर आणायचे, आधी पोदेर आणायचे, आपला दारावर येणारा पाववाला. सकाळी पोदेराचा भोंगा पों पों वाजला की पाव दिसायच्या आधीच तोंडाला पाणी सुटतं का नाही? गरम पावाला पाणी सुटणं शिकावं लागत नाही. भोंग्याला सुटणं शिकलेलं असतं, भोंगा आणि पाव पुन्हा पुन्हा एकापाठोपाठ आले म्हणून. समजा पोदेराने महिनाभर नुसता भोंगा वाजवला आणि पाव दिलाच नाही, तर पाणी सुटायचं थांबेल, हे विलोपन. पण चार दिवस गावाला जाऊन परत आलात आणि भोंगा ऐकलात तर थोडं पाणी पुन्हा सुटेल, म्हणजे विलोपन म्हणजे पुसून जाणं नव्हे, शिकलेलं आत राहतंच. पाव्हलॉवला नोबेल मिळालं १९०४ साली, ते पचनावरच्या कामासाठी, हेही पोरं नेहमी चुकवतात.

प्रतिसाद, पेडण्याहून

टीचर, मी तुमचा विद्यार्थी, आता हॉस्पिटलात नर्सिंगला आहे. माझा घोळ भ्रम, विभ्रम, संभ्रम, भास ह्या चौघांचा. तीन पुस्तकं बघितली, तिन्हीत वेगवेगळं. आम्हाला रोज केसपेपर लिहायचे असतात आणि पेशंटचे घरचे मराठी-कोंकणी बोलतात, त्यांना काय झालंय ते सांगताना अडतो.

धागा सुरू करणारी

बाळा, तू विचारलंस ते बरं झालं, ह्यावर मी वर्षानुवर्षं विचार केलाय. आपल्याकडे दोरी आणि सापाचा जुना दृष्टांत आहे ना, तोच घे. अंधारात दोरी पडलीय आणि तुला साप दिसला, इथे वस्तू आहे पण चुकीची दिसली, हा भ्रम, इंग्रजीतलं इल्यूजन. हे तुला मला कोणालाही होतं. दोरीच नाही, जमीन मोकळी आहे, तरी साप दिसतोय किंवा फुत्कार ऐकू येतोय, हे हॅल्युसिनेशन, पुस्तकात निर्वस्तुभ्रम लिहितात, शब्द लांब आहे पण त्याच्यात अर्थ भरलेला आहे, वस्तूशिवायचा भ्रम. बोलताना भास म्हण. आणि तिसरा, साप दिसत नाही, ऐकू येत नाही, पण शेजारी रोज रात्री माझ्या घरात साप सोडतो ही पक्की समजूत, कितीही पुरावा दाखवला तरी हलत नाही, हे डिल्यूजन. ह्याला काही पुस्तकांत संभ्रम म्हणतात ते मला अजिबात पसंत नाही. संभ्रम म्हणजे आपल्या बोलण्यात गोंधळ, काय करावं कळेना अशी अवस्था, आणि ह्या माणसाला तर तसूभर गोंधळ नसतो, त्याची खात्रीच तर आजार आहे! भ्रांती किंवा सरळ 'पक्की चुकीची समजूत' लिही. विभ्रम हा शब्द मी सोडूनच दिलाय.

भास शब्दाबद्दल एक सांभाळ. नवरा गेल्यावर पहिले काही महिने बाईला दारात त्याच्या चपला वाजल्यासारख्या वाटतात, हाक ऐकू येते, ती स्वतःच म्हणते भास झाला गे. हा दुःखाचा भाग, केसपेपरात लगेच आजार म्हणून चढवायचा नाही.

आणि आपल्या भागात तर अजून एक, देवळात अवसर येतो, भार येतो. अंगात आलेला माणूस वेगळ्या आवाजात बोलतो, लोक कौल घेतात, थोड्या वेळाने तो नेहमीसारखा घरी जातो. परीक्षेत असा प्रश्न येऊ शकतो, आणि उत्तर स्पष्ट आहे. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजार ओळखायच्या अमेरिकन पुस्तकात, दुभंगलेल्या ओळखीच्या आजारासाठी अटच आहे की समाजात रूढ असलेल्या धार्मिक किंवा सांस्कृतिक रीतीचा तो नेहमीचा भाग नसावा. तेच अवसर रीतीबाहेर, कधीही कुठेही, त्या माणसाच्या इच्छेविरुद्ध येऊन त्याचं जगणं मोडत असेल तर मात्र उपचाराकडे न्यायला हवं.

प्रतिसाद, साखळीहून

मला एक आकड्यांचा शब्द टाकायचाय, शतमक. पर्सेंटाईल. पालक दरवर्षी भांडायला येतात. ८४ वा शतमक म्हणजे ८४ टक्के मार्क नव्हेत, शंभरातली साधारण ८४ मुलं ह्याच्या खाली आहेत असा अर्थ. बुद्ध्यांकाच्या चाचणीत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, १५ धरतात, म्हणजे ११५ ला तुम्ही ८४ व्या शतमकावर. १३० ला सुमारे ९८. हे दोन आकडे पाठ असले की पेपरातले अर्धे प्रश्न तोंडी सुटतात.

प्रतिसाद, मडगावहून

आणि त्याच चाचण्यांची विश्वसनीयता आणि सप्रमाणता! विश्वसनीयता म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणं, सप्रमाणता म्हणजे जे मोजायचं म्हणतो तेच मोजलं जाणं. इंग्रजीत घेतलेली चाचणी सत्तरी तालुक्यातल्या मराठी शाळेच्या मुलाला तीनदा द्या, तीनदा तोच कमी आकडा येईल. विश्वसनीय झाली. पण मोजलं काय? त्याचं इंग्रजी. ह्या एका चुकीपायी चांगल्या मुलांवर मंद म्हणून शिक्का बसलेला मी स्वतः बघितलाय आणि अजून जीव तुटतो.

गोपनीयतेवरही भाचीला सांगा. गोपनीयता हे आपलं कर्तव्य, आणि दुसरा शब्द प्रिव्हिलेज, ज्याचं मराठी विशेषाधिकार करतात आणि मग आमदारांची आठवण येते. तो कोर्टापुरता हक्क आहे आणि तो *क्लायंटचा* असतो, आपला नसतो. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गोपनीयता हा रुग्णाचाच हक्क म्हणून लिहिलाय, दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा धोका असेल तर, असे काही अपवाद. गोव्यात तर हे जास्तच जपावं लागतं, शिरगावच्या जत्रेत क्लायंट समोर येतो, बरोबर सासू असते. आपण ओळख दाखवायची नाही, त्याने हाक मारली तरच बोलायचं, आणि हे पहिल्या भेटीतच सांगून ठेवायचं.

प्रतिसाद, पणजीहून

सगळं वाचत होतो, एक शब्द राहिला, सजेशन. आपण सूचना म्हणतो, पण सूचना म्हणजे फळ्यावरची नोटीस. मला सूचन बरा वाटतो. आणि हा शब्द तर आपल्या घरचा. जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, हात पसरलेला आणि खाली झोपेत गेलेली बाई, १९४५ साली बसवलेला. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसात लोकांना सांगत होता की संमोहनाची झोप करणाऱ्याच्या अंगातल्या कुठल्या चुंबकी द्रवाने येत नाही, झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून येते. १८१९ ला वारला.

सूचन किती साध्या शब्दात लपतं त्याचा प्रयोग परीक्षेत येऊ शकतो, लॉफ्टस आणि पामर ह्या मानसशास्त्रज्ञांचा, १९७४ चा. सगळ्यांना अपघातांच्या त्याच सात फिल्म दाखवल्या आणि प्रश्नात फक्त क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींना 'लागल्या' तेव्हा वेग किती, असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी ३१.८ मैल, 'चेचल्या' तेव्हा किती असं विचारलं तर ४०.८.

धागा सुरू करणारी

हे क्रियापदाचं वाचून अंगावर काटा आला. आत्ताच फोन झाला, तिला सगळं वाचून दाखवलं, वजा प्रबलन तिने वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं. आता तिचा पुढचा शब्द, सेन्सेशन. पुस्तकात वेदन आहे, आणि ती म्हणते वेदन म्हटलं की मला दुखायलाच लागतं. परसेप्शनला संवेदन ठीक आहे, अर्थ लावणं त्याच्यात येतं, पण नुसतं डोळ्यावर उजेड पडला, जिभेला मीठ लागलं, एवढ्यासाठी काय म्हणायचं? जाणीव म्हणावं तर ती फार वरची गोष्ट झाली. कोणाकडे घरात बोलायचा शब्द असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत टाका, दिवा लावायच्या वेळी तिचा फोन येईल.