‘काढून ठेव’, ‘काढून टाक’ आणि घरच्या फायली : शब्दचर्चा

सिडको, नाशिक (मूळ प्रश्न)

कॉम्प्युटरच्या मराठीवर बोलणं निघालं की गाडी नामांपाशी अडते. फाईलला धारिका म्हणावं का, फोल्डरला काय म्हणावं, माऊसचं काय करावं. माझा प्रश्न क्रियापदांचा आहे. घरातल्या फायली नाम चुकल्यामुळे जात नाहीत. सांगणाऱ्याचं क्रियापद एक आणि ऐकणाऱ्याचं दुसरं, म्हणून जातात.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी भाच्याला सांगितलं, “फोन भरलाय रे, तेवढे फोटो काढ.” त्याने सगळे फोटो निवडले आणि डिलीट केले. काकूंना ते लॅपटॉपवर हवे होते, त्यात नातीचं बारसं होतं. फोनच्या ट्रॅशमध्ये ते तोवर शाबूत होते म्हणून परत आले. पण पोरगं चुकलं असं मला म्हणवत नाही. ‘काढ’ या शब्दात दोन्ही अर्थ आहेत. फोटोच्या बाबतीत तर तिसराही आहे, कॅमेऱ्याने फोटो काढतात तो.

हा घोळ सोडवायची सोय मराठीतच आहे. पुढे कोणतं सहायक क्रियापद लावता, त्यावर सगळं ठरतं. काढून घे, काढून दे, काढून ठेव, काढून टाक. धातू एकच, पण फायलींच्या नशिबी चार वेगळ्या गोष्टी. ‘काढून घे’ म्हटलं की ते ऐकणाऱ्याकडे जातं. ‘काढून दे’ म्हटलं की मागणाऱ्याच्या हातात येतं. ‘काढून टाक’ म्हणजे नकोच. आणि ‘काढून ठेव’ म्हणजे पुढे लागेल म्हणून बाजूला, जपून. उशिरा येणाऱ्यासाठी जेवण काढून ठेवतात ना, ते. ‘बॅकअप घे’ म्हणण्यापेक्षा मला हे जवळचं वाटतं, कारण त्यात कशासाठी तेही येतं.

तुमच्याकडे काय म्हणतात? आणि घोटाळा करणारी अशी आणखी कोणती क्रियापदं तुमच्या पाहण्यात आहेत?

सातपूर

‘टाकणे’ घ्या. दुरुस्तीच्या कामात दिवसभर तोंडात हाच शब्द. विंडोज टाकली, रॅम (मेमरीची पट्टी) टाकली, अँटिव्हायरस टाकला. सगळीकडे अर्थ एकच, आत घातलं. आता गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवून म्हणतं, “दादा, ती जुनी हार्डडिस्क टाकून द्या.” नव्या मशीनमध्ये बसवून द्यायची, की भंगारात टाकायची? मराठी दोन्हीकडून बरोबर आहे. एकात ‘देणे’ म्हणजे त्याच्यासाठी काम करून देणं, दुसऱ्यात ‘फेकून देणे’मधलं देणं. मी आधी विचारतो, “कशात टाकायची?” याचं उत्तर आलं तर बसवायची. विचारल्याशिवाय डिस्कला हात लावत नाही, कारण तिच्यात माणसाची दहा-पंधरा वर्षं असतात.

दुसरा शब्द ‘बसणे’. मशीन चालू होत नाही, नुसतं बीप-बीप करतंय, तर बहुतेक वेळा रॅमकडे बघायचं. आधी वायर भिंतीतून काढायची. मग रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने घासायच्या, रबराचा भुगा ब्रशने झाडायचा. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे कण जातात. खाच जुळवून स्लॉटमध्ये सरळ दाबायची. कडेचा खटका ‘खट्’ करून मिटला की रॅम बसली. मशीन चालू. हे ‘बसणं’ चांगलं. पण ‘हार्डडिस्क बसली’ म्हटलं की कारभार आटोपला, घसा बसतो नाही तर धंदा बसतो त्यातलं. एकाच डब्यात एक बसली म्हणून मशीन चालतं आणि दुसरी बसली म्हणून बंद पडतं.

फोनवर नुसतं “कॉम्प्युटर गेला” सांगू नका, त्यावरून काहीच कळत नाही. ‘उडाला’ हे एसएमपीएसला (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) किंवा मदरबोर्डाला म्हणतात. व्होल्टेज वाढलं, जळका वास आला, एका क्षणात काम झालं. ‘बसली’मध्ये बरेचदा आधी काही दिवस कुरकूर असते. ‘उतरला’ हा सेलचा शब्द. बोर्डावर बटणासारखा चपटा सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. तो उतरला की वीज बंद करून चालू केल्यावर तारीख मागे जाते, ब्राउझर धडधाकट साईटही सुरक्षित नाही म्हणतो, आणि त्या दिवशी केलेल्या फायलींवर जुनीच तारीख पडते. माणूस म्हणतो कॉम्प्युटर गेला. गेलेला काही नसतो, सेल बदलला की झालं.

आणि आवाज सांगा. मराठीत आवाजाला शब्द भरपूर आहेत, ते दुरुस्तीत फार उपयोगी पडतात. घरघर, खरखर असेल तर बहुधा पंखा, त्याला वेळ आहे. टकटक असेल आणि ती डिस्कमधून येत असेल, तर मशीन तिथल्या तिथे बंद करा. आतल्या हेडला तबकडीवरचं वाचता येत नसतं, ते मागे जाऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असतं. तुम्ही चालू करून बघत राहिलात की राहिलेलंही खरवडलं जातं.

मेनरोड, डीटीपी

आमच्या कामातला शब्द ‘फुटणे’. गिऱ्हाईक सांगतं, फाईल करप्ट झाली. उघडून बघावं तर फाईल धड असते, फॉन्ट फुटलेला असतो. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या श्रीलिपी, कृतिदेव वगैरे फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथे तीच फाईल उघडली, की रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांग दिसते. मजकूर आत जसाच्या तसा असतो. फॉन्ट टाकला की पत्रिका वाचता येते.

संस्थांचे अहवाल, कुणाच्या वडिलांच्या कविता, असं कितीतरी लोकांनी ‘करप्ट’ समजून घालवलं आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून विनंती, अक्षरं विचित्र दिसली तर ‘फुटलं’ म्हणा. फुटलेलं जुळवता येतं.

नाशिकरोड

नामांपाशी अडू नये हे मान्य, पण एका नामावर बोलतोच. माझी नोकरी सरकारी कचेरीत गेली. तिथे फाईलला नस्ती, आणि फाईल करण्याला नस्तीबद्ध करणे. नस्तीत एका प्रकरणाचे सगळे कागद असतात, टिपणी वेगळी, पत्रव्यवहार वेगळा. कॉम्प्युटरवरची फाईल म्हणजे त्यातला एकच कागद. त्यामुळे नस्तीच्या जवळ जातो तो फोल्डर, फाईल नव्हे. निवृत्तीनंतर घरी लॅपटॉप शिकताना हे कुणी आधी सांगितलं असतं तर पुष्कळ सोपं गेलं असतं.

त्याही आधीची पद्धत रुमालाची. पुण्याला पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कापडात गुंडाळायचं, गाठ मारायची, रुमालावर खूण. ‘दप्तर’ हा फारसीतून आलेला शब्द, त्याचं आपण शाळेच्या पिशवीवर भागवलं. रुमाल मात्र आजही चालण्यासारखा आहे, बऱ्याच फायली एकत्र बांधून पाठवायच्या त्या झिपला.

निफाड तालुका

आमचा द्राक्षाचा बाग आहे. प्लॉटची नोंदणी, फवारणीच्या नोंदी, द्राक्षात औषधाचा अंश उरला का त्या तपासणीचा अहवाल, सगळं आता पीडीएफमध्ये येतं. म्हणजे शेतकऱ्यालाही फायली सांभाळणं आलंच.

फोनमध्ये डिलीटला ‘हटवा’ लिहिलेलं असतं. हटवतात ते अतिक्रमण. आम्ही ‘खोडणे’ म्हणतो, आणि मला तो शब्द नुसता मराठी म्हणून नाही, खरा म्हणून आवडतो. साध्या हार्डडिस्कवर फाईल डिलीट केली की ती लगेच नाहीशी होत नाही. यादीतली तिची नोंद सुटते, जागा मोकळी धरली जाते, मजकूर तिथेच पडून राहतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराच्या नावाला कंस करतात, तसं. हक्क गेलेला असतो, नाव वाचता येतं.

म्हणून दोन शब्द वेगळे ठेवावेत. नोंद काढणं ते खोडणे. वरून दुसरं लिहून कायमचं घालवणं ते पुसणे. खोडलेलं परत आणायला वाव असतो, पुसलेलं गेलं. चुकून काही खोडलं गेलं तर त्या डिस्कवर नवीन काहीही ठेवू नका, कारण ते नेमकं त्याच जागेवर पडू शकतं. फायली परत आणायचं सॉफ्टवेअरसुद्धा दुसऱ्या डिस्कवरून चालवा.

सिडको

निफाडकरांचा हा भेद मला सगळ्यात मोलाचा वाटला. त्यात दोन गोष्टी जोडतो. ‘फॉरमॅट मारला’ यातही दोन प्रकार आहेत. क्विक फॉरमॅट म्हणजे सगळी यादी खोडणं, पूर्ण फॉरमॅट म्हणजे विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळी डिस्क पुसणं. जुना कॉम्प्युटर विकताना क्विक फॉरमॅटवर विसंबू नका, घरचे कागद दुसऱ्याच्या हाती जातात.

दुसरं, एसएसडीला (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवरच्या डिस्कला) हा भेद फारसा लागू पडत नाही. तिथे फाईल खोडली की विंडोज त्या डिस्कला ही जागा रिकामी झाली असं कळवते, आणि डिस्क आपल्या सवडीने ती पुसून टाकते. म्हणजे खोडलं की थोड्याच वेळात पुसलंच. तिथे फाईल परत मिळेल या भरवशावर राहू नये.

कॉलेज रोड

मूळ प्रश्नातल्या ‘काढून ठेव’ला माझी हरकत आहे. पातेल्यातून काढून ठेवलेलं जेवण पातेल्यात उरत नाही. फोनमधले फोटो काढून हार्डडिस्कवर ठेवले आणि फोनमधले गेले, तर प्रत एकच राहिली. जागा बदलली, जोखीम तेवढीच. ती हार्डडिस्क सातपूरवाल्या दादांच्या शब्दांत ‘बसली’, तर सगळंच गेलं. बॅकअप तो, ज्यात मूळही राहतं आणि प्रतही.

त्यासाठी ‘उतरवून घेणे’ हा शब्द आहे. फळ्यावरचं वहीत उतरवून घेतो तेव्हा फळ्यावरचं जागेवरच असतं. पोथी उतरवून घ्यायचे तेव्हा मूळ पोथी धन्याकडेच राहायची. हीच कॉपी. डाउनलोडलाही काही जण ‘उतरवून घेणे’ म्हणतात, त्यात विसंगती नाही, सर्व्हरवरची फाईल तिथे राहतेच. तेव्हा माझं म्हणणं असं: मूव्हला हलवणे, कॉपीला उतरवून घेणे, आणि बॅकअपला उतरवून ठेवणे.

जाता जाता आणखी एक. मी घरी जुने पीसी खोलते, जोडते, यातलं त्यात लावून बघते. याला आई ‘उचापती’ म्हणते, मैत्रिणी म्हणतात ‘किडे करतेस’. दोन्हींत नापसंती आहे. चांगला शब्द कोणता?

निफाड तालुका

ताई, आमच्याकडं ‘कुटाणे’. त्यातही नापसंतीच आहे.

सातपूर

‘खटपट’ आहे की. गिऱ्हाईक जेव्हा सांगतं “पोराने खुडबुड केली”, तेव्हा मशीन उघडल्यावर स्क्रू सुटे असतात आणि कुठली वायर कुठे होती ते कुणाला आठवत नसतं. “पोराने खटपट केली” म्हणतं, तेव्हा पोरगं बरोबर येतं आणि काय काय करून बघितलं ते क्रमाने सांगतं. खुडबुडीला हेतू नसला तरी चालतो, खटपटीला लागतो. तुम्ही करता ती खटपट. उघडण्याआधी जोडण्यांचा फोटो घेत जा, एवढंच.

इंदिरानगर

फोल्डर ‘तो’ की ‘ते’? आमच्या घरात यावर एकमत नाही.

मेनरोड, डीटीपी

आमच्याकडे तो. घरी माझी मुलं ते म्हणतात. दोन्ही चालतात. फाईल मात्र मी सगळीकडे ‘ती’च ऐकली आहे.

सिडको

‘उतरवून ठेवणे’ मी स्वीकारला. हरकत योग्य होती. ‘काढून ठेव’मध्ये काळजी आहे, पण दुसरी प्रत नाही, आणि बॅकअपमध्ये दुसऱ्या प्रतीलाच महत्त्व. काकूंच्या भाच्याला मी आता असं सांगेन: आधी उतरवून ठेव, लॅपटॉपवर उघडून बघ, मग फोनमधले खोड.

पंचवटी

मग सिंकला काय म्हणायचं? आमच्याकडे लॅपटॉपवरचा एक फोल्डर ऑनलाईन जागेशी जोडलेला आहे आणि मोठे भाऊ त्यालाच बॅकअप समजतात. “वर उतरवून ठेवलंय” म्हणतात.

कॉलेज रोड

ते उतरवून ठेवणं नाही. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणे. इकडे खोडलं की तिकडेही खोडलं जातं. तिकडच्या ट्रॅशमध्ये काही दिवस मिळेल, नंतर नाही. भाऊंना म्हणावं, वेगळ्या डिस्कवर एकदा उतरवून ठेवा आणि ती डिस्क लॅपटॉपपासून सोडवून कपाटात ठेवा.