आर्टिक्स फास्ट आहे म्हणे! लाइन असली तर.

पऱ्हाटी : काल इथं कोणीतरी ठोकून दिलं, "एफपीजीए (आपल्याले पाहिजे ते सर्किट आत बसवता येते अशी चिप) शिकायचं तर सरळ आर्टिक्स-७ घ्या, आइस४० म्हणजे खेळणं." डोकं फिरलं म्हणून लिहितो. आर्टिक्स २८ नॅनोमीटरची, सहा इनपुटचे एलयूटी (लॉजिकचे छोटे ठोकळे). आइस४० ४० नॅनोमीटरची, चार इनपुटचे. पळण्यात कोण पुढं, हे शेंबडं पोरगंही सांगते. पण आधी बिटस्ट्रीम, म्हणजे चिपमधे भरायची फाइल, तर बनू द्या! आइस४०साठी पिकोआरव्ही३२ (छोटा प्रोसेसर कोअर) योसिस-नेक्स्टपीएनआर या फुकटच्या सॉफ्टवेअरवर चहा उकळेस्तोवर तयार. आर्टिक्ससाठी व्हिवाडोत (कंपनीचं सॉफ्टवेअर) तोच कोअर, माझ्या जुन्या लॅपटॉपवर ११ मिनिटं. बॅटरी केव्हाच मेली. राउटिंग (चिपच्या आतल्या जोडण्या) चालू असताना लाइन गेली का स्क्रीन काळी. परवा तीनदा झालं.

जुना स्पार्टन : तुलनाच चुकली. तू चिपा नाही, सॉफ्टवेअर मोजले. शिवाय आइस४०च्या एचएक्स८केमधे ७६८० एलयूटी, आर्टिक्स ३५टीमधे २०८००. दोन एकराचं वावर लवकर वखरून होतेच, त्यात कायचं कौतुक? माझा कोअर आइस४०वर पन्नास मेगाहर्ट्झमधेच अडकला, आर्टिक्सवर १०० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर आरामात टायमिंग पास.

पऱ्हाटी : एक एलईडी लुकलुकवायची तरी मिनिटं जातात, त्याचं बोला. वावर दोन एकराचं आन् तुमचा ट्रॅक्टर धुऱ्यावर वळायलेच अर्धा तास घेते.

मास्तर : एलईडीसाठी बिल्ड मारतच कायले? व्हेरिलेटर या सॉफ्टवेअरवर सिम्युलेशन करा, बोर्ड लागतच नाही. आमच्या वेळी कॉलेजात स्पार्टन-३चे (जुनी एफपीजीए) बोर्ड कपाटात कुलूपबंद, चावी असिस्टंटकडे, असिस्टंट रजेवर. सिम्युलेशनवरच शिकलो. आता व्हिवाडो त्या बोर्डाले ओळखत नाही, आणि त्याचं जुनं सॉफ्टवेअर आयएसई २०१३च्या १४.७वर थांबलं. बोर्ड अजून कपाटातच असतील.

थ्री फेज : लाइनीचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे पंपाची थ्री फेज या हप्त्यात रात्रीची. ओलिताले गेलो, फेज उलटी आली, मोटर उलटी फिरून राह्यली, नळीतून थेंब नाही. वरून रानडुकरं. म्हणून टँग नॅनो ९के हा छोटा एफपीजीए बोर्ड घेऊन फेजचा क्रम ओळखणारं बनवलं.

जुना स्पार्टन : ५० हर्ट्झच्या लाइनीले एफपीजीए? मच्छर माराले तोफ! साधा मायक्रोकंट्रोलर पुरते.

थ्री फेज : एसीत बसून शिकवणं सोपं असते साहेब. एकदा रात्री दोन वाजता बांधावर उभं राहून पाहा.

जुना स्पार्टन : एसी कुठला? मी वणी तालुक्यातच आहो, आणि मोटर माझीही जळली हाये. तुझी फेज उलटी होती, माझी एक आलीच नव्हती. रिवाइंडिंगवाला म्हणे पुढच्या हप्त्यात या. तोवर हरभरा सुकला. पण म्हणून मी चूक गोष्टीले बरोबर म्हणणार नाही.

मास्तर : एक फेज गेली तेही धरते का रे तुझं यंत्र?

थ्री फेज : धरते. रिले पाडते.

जुना स्पार्टन : मग ठीक. तरी मायक्रोकंट्रोलरनं झालं असतं. आणि पऱ्हाटी, प्रोजेक्टच्या रनमधे प्लेस झाल्यावर (भाग चिपवर जागी बसल्यावर) व्हिवाडो चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या कामाची फाइल, डिस्कवर टाकते. तो उघडून नुसतं राउट चालव. सगळं पयल्यापासून कोणी सांगितलं?

पऱ्हाटी : हे आधी सांगितलं असतं तर सहा महिने वाचले असते. उपकार झाले. खेळणं मात्र मी इकत नाही.

मास्तर : थ्री फेज, रिले किती अँपिअरचा लावला? माझी साडेसात एचपीची मोटर आहे.