पंपाच्या गाडीत इन्व्हर्टरची जुनी बॅटरी टाका म्हणणाऱ्यांनो, आधी हे वाचा

काचवाला_चिंचवड

परवा बारामतीच्या एका पोराने इथे साधा प्रश्न विचारला. शोरूमच्या काचा आणि सोलर पॅनेल धुवायला जुनी व्हॅन घेतली, मागे टाकी आणि १२ व्होल्टचा पंप बसवला, आता बॅटरी कुठली टाकू? पहिलंच उत्तर आलं, "घरात इन्व्हर्टरची जुनी १५० एएच पडली असेल ती टाक. गाडी चालली की आपोआप चार्ज होते, खर्च शून्य." त्यावर अंगठ्यांचा पाऊस.

हाच सल्ला मी धंद्याच्या पहिल्या वर्षी ऐकला आणि भोगला, म्हणून सविस्तर लिहितोय.

हिशोब बघा. एएच म्हणजे अँपिअर गुणिले तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. माझा पंप सरासरी ६ अँपिअर खातो. दिवसात ५ तास चालला की ३० एएच गेले. गाडी दिवसभरात चालते किती? चिंचवड ते वाकड, वाकड ते बाणेर, परत घर. सगळं मिळून पाऊण तास, तेही सिग्नलला थांबत थांबत. लांब, बारीक वायरीतून मागच्या बॅटरीत १५ अँपिअर शिरले तरी खूप. म्हणजे ३० काढले आणि १० भरले. रोज २० चा खड्डा.

त्या वेळी वहीत रोज सकाळी व्होल्टेज लिहायचो. सोमवार १२.७, मंगळवार १२.५, बुधवार १२.३, गुरुवार १२.१. शुक्रवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावर ब्रश लावलाय आणि पाण्याची धार मुतखडा झाल्यासारखी थेंब थेंब. पंपाजवळ मोजलं तर ११.६. बॅटरीवर छापलेलं १५०, पण जुनी असल्यामुळे आत १०० सुद्धा उरले नव्हते.

दुसरी गोष्ट. इन्व्हर्टरची ही उंच ट्युब्युलर बॅटरी पाण्या-ॲसिडसकट ५५-६० किलोची असते आणि ती घरात एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली असते. स्पीडब्रेकरवर गाडी आपटली की पाण्याची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटच्या बुचातून ॲसिड उडतं. मी चार महिन्यांनी खालची रबरी चटई उचलली तर पत्रा बिस्किटासारखा हातात आला.

बॅटरी कुठलीही घ्या, पण रात्री घरच्या वीजेवर पूर्ण चार्ज करा. ते जमणार नसेल तर बॅटरीच्या कंपनीवरून भांडण्यात अर्थ नाही.

तात्या_बॅटरीवाले_सांगली

२२ वर्षं बॅटरीचं दुकान चालवतोय, म्हणून बोलतो. तुमचा हिशोब बरोबर, पण गुन्हेगार चुकीचा पकडलात. जुनी बॅटरी टाकलीत, चार्जर लावला नाहीत, बांधली नाहीत, आणि दोष ट्युब्युलरला?

खोल डिस्चार्ज सोसायला ट्युब्युलरसारखी शिशाची बॅटरी नाही. तिची पॉझिटिव्ह प्लेट नळ्यांत भरलेली असते, माल झडत नाही. गाडी स्टार्ट करायच्या बॅटरीत पातळ पातळ प्लेटा असतात. दोन-तीन सेकंद दाबून करंट द्यायचा आणि लगेच परत भरून घ्यायचा, एवढंच तिचं काम. तिच्यावर पाच तास पंप चालवणारे गिऱ्हाईक माझ्याकडे सात-आठ महिन्यांत परत येतात आणि वॉरंटी मागतात.

दुकानात "बॅटरी गेली" म्हणून येणाऱ्या दहांतल्या निम्म्या तरी पाण्याविना मेलेल्या असतात. बूच उघडलं की प्लेटा कोरड्या, वरून पांढऱ्या. कोणी हायड्रोमीटर (ॲसिडचा दाटपणा मोजायची नळी) लावत नाही. सहा सेलपैकी, म्हणजे आतल्या कप्प्यांपैकी, पाच १२२० दाखवतात आणि एक ११००. तो एक सेल बाकीच्यांना खातो. व्होल्टमीटरवर हे कळत नाही, वही कितीही नीट लिहा.

लिथियम_नाशिक

अजून पाणी, बूच, हायड्रोमीटर? लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या आणि विषय संपवा. १०० एएच बॅटरी १२-१३ किलोची, आडवी टाकली तरी चालते, ८०-९० टक्के वापरता येते. शिशाची निम्म्याच्या खाली नेली की आयुष्य कमी होतं. म्हणजे तुमची १५० ची ट्युब्युलर आणि माझी १०० ची लिथियम कामाला जवळजवळ सारखीच. शिवाय शिशाच्या बॅटरीला शेवटचे २० टक्के भरायला तीन-चार तास लागतात, कारण ती करंट घेणंच कमी करते. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत सारखा करंट घेते.

तात्या_बॅटरीवाले_सांगली

शेवटपर्यंत करंट घेते म्हणूनच अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) जाळते, तेही सांगा की. सरळ रिलेवर (आपोआप लागणाऱ्या-सुटणाऱ्या स्विचवर) जोडलेली लिथियम बॅटरी अल्टरनेटरला दम खाऊ देत नाही. माझ्याकडे दोन गिऱ्हाइकांचे अल्टरनेटर गेलेत. आणि किंमत का नाही लिहिलीत? दुपटीच्या वर जाते, त्यातही आत कुठले सेल भरलेत हे वरून कळत नाही.

लिथियम_नाशिक

सरळ जोडायची नाहीच! मधे डीसी टू डीसी चार्जर लावायचा, २० किंवा ३० अँपिअरचा. तो ठरवून दिलेला करंटच ओढतो. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत तो शिशाच्या बॅटरीलाही लागतोच. अशा गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज खाली आणतो. माझ्या पिकअपमध्ये व्होल्टेज बघून चालणारा रिले लावला होता. स्टार्ट केल्यावर १४.४ आले, रिले टक् करून लागला. पाच मिनिटांनी १२.७, टक् करून सुटला. उतारावर ब्रेक लावला, परत लागला. नाशिक ते इगतपुरी तो टक्-टक् ऐकत गेलो आणि मागच्या बॅटरीत जवळपास काहीच गेलं नाही.

नागपुरी_सोलर

भाऊ, मे महिन्यात नागपुरात ये आणि मग लिथियम सांग. बाहेर ४५, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. दुपारी बीएमएसने (लिथियम बॅटरीच्या आतलं तिला जपणारं सर्किट) तापमान पाहून चार्जिंगच बंद केलं. बॅटरी चांगली आहे, पण माझं काम तर थांबलं ना बाप्पा. आता पहाटे साडेचार ते नऊ पॅनेल धुतो. तसंही तापलेल्या काचेवर थंड पाणी मारणं बरं नाही, आणि पाणी लगेच वाळून डाग पडतात. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागे, सावलीत, वारा लागेल अशी ठेवली. शिशाची असती तरी उन्हाने मेलीच असती. दर १० अंशांमागे आयुष्य निम्मं होतं असं आमच्याकडे सगळे धरून चालतात.

काचवाला_चिंचवड

नागपूरकर, सीटमागे ठेवलीत ते लिथियम आहे म्हणून ठीक. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत ४ टक्के झाला की ठिणगीला पेटतो. बंद व्हॅनमध्ये रात्रभर चार्जिंग लावणाऱ्यांनी काचा खाली ठेवाव्यात. आणि कुजक्या अंड्याचा वास आला तर आधी चार्जर भिंतीवरून बंद करायचा, बॅटरीचा क्लिप ओढायचा नाही.

तात्या, पाण्याचं म्हणाल तर मी पाण्यात कधी चुकलो नाही. माझ्या गाडीतच रेझिनचा फिल्टर आहे, काचेवर डाग पडू नयेत म्हणून पाणी टीडीएस (विरघळलेले क्षार) ० करून वापरतो. तेच बॅटरीत घालतो.

तात्या_बॅटरीवाले_सांगली

रेझिन ताजं असेल तर चालेल. संपत आलेलं असेल तर क्लोराइड निसटतं, आणि तुमचा पाचशे रुपयांचा मीटर १-२ आकडे दाखवेपर्यंत महिनाभर तेच पाणी प्लेटांवर गेलेलं असतं. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन काय फार महाग आहे?

संध्या_डोंबिवली

मी इन्व्हर्टरला सहा वर्षं एसीचं पाणी घालतेय. बादलीत साठवते, सुती कापडातून गाळते. टीडीएस १८. बॅटरी अजून तीन तास चालते. उगाच लोकांना घाबरवू नका.

तात्या_बॅटरीवाले_सांगली

ताई, एसीचं पाणी तांब्याच्या नळीवरून आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरून धुळीसकट येतं. तांबं किंवा लोखंड आत गेलं की बॅटरी न वापरता आतल्या आत उतरते. कापडाने विरघळलेलं तांबं गाळलं जात नाही.

संध्या_डोंबिवली

सहा वर्षं चाललीय म्हणते ना. तुमच्या दुकानातून घेतलेली डिस्टिल्ड वॉटर घातलेली बॅटरी माझ्या भावाची साडेतीन वर्षांत गेली.

लिथियम_नाशिक

ताई, डोंबिवलीत दिवे किती वेळा जातात? तुमची बॅटरी वर्षातून दहा वेळा उतरत असेल. ह्या लोकांची रोज उतरते. दोन्हींची तुलना होऊच शकत नाही.

संध्या_डोंबिवली

हे मात्र खरं. २००५-०६ च्या लोडशेडिंगमधली आमची बॅटरी तीन वर्षांतच गेली होती, तेव्हा घरात एसीच नव्हता. पण भावाच्या बॅटरीचं उत्तर अजून मिळालं नाही.

तात्या_बॅटरीवाले_सांगली

भावाला विचारा पाणी कधी घालायचा. चार्जिंगच्या आधी काठोकाठ भरत असेल तर चार्ज होताना फुगून ॲसिड बाहेर येतं, मग परत नुसतं पाणी, आतला द्राव पातळ. आधी पूर्ण चार्ज, मग खुणेपर्यंत पाणी. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, त्याही बुडतील एवढंच. आणि ॲसिड कधीच घालायचं नाही, कमी होतं ते पाणी.

संध्या_डोंबिवली

आधीच घालतो तो. विचारलं आत्ता.

भाड्याने_राहणारा_पुणे

सगळे ज्ञान देताय की रात्री घरी चार्ज करा. कुठे? तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. पार्किंगमध्ये एक प्लग आहे, त्याला कुलूप. सेक्रेटरींना मीटर लावून पैसे देतो म्हटलं, तर "आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील". एक रात्र वॉचमनच्या प्लगवर लावली, तर सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या गाडीचा फोटो. ज्यांच्या बाल्कनीच्या काचा मी धुतो तेच लोक!

काचवाला_चिंचवड

दादा, हे दुखणं खरं आहे. मी स्वतःच्या घरात राहतो म्हणून मला हे सुचलंच नाही. तुमच्यासाठी माझं मत बदलतो. १२ किलोची लिथियम काढून जिन्याने वर नेता येते. ५५ किलोची ट्युब्युलर रोज कोण नेणार? नाशिककर, हा मुद्दा तुमचा.

लिथियम_नाशिक

एवढं ऐकायला दोन दिवस लागले. पण वर नेलेली बॅटरी लिथियमच्याच चार्जरने चार्ज करा. शिशाच्या काही चार्जरमध्ये १५ व्होल्टच्या वर जाणारा मोड असतो, तो हिला नको. आणि जोडणीला चांगला प्लग लावा, रोज नट-बोल्ट खोलायची वेळ आली तर चौथ्या दिवशी कंटाळाल.

स्लाऊकर_मूळचा_कोल्हापूर

इकडे इंग्लंडमध्ये हा धंदा गल्लोगल्ली आहे. लंडनच्या आसपासचं पाणी चुन्यामुळे फार जड, म्हणून प्रत्येकाच्या व्हॅनमध्ये टाकी, फिल्टर, लांब काठीचा ब्रश. कॅराव्हॅनमधल्या बॅटरीला इकडे लीझर बॅटरी म्हणतात, तीच पंपाला लावतात. वाद अगदी हाच! कामाच्या जागा एकाच वस्तीत, गाडी दिवसात पंधरा मिनिटं चालते, बॅटरी भरत नाही, आणि दोष पंपाला. माझ्याकडचा उलटा त्रास म्हणजे थंडी. शून्याच्या खाली लिथियम चार्ज करायची नसते. जानेवारीत सकाळी बीएमएस नकार देतो आणि मी गाडीचा हीटर लावून वाट बघत बसतो. शिशाची बॅटरी अशा वेळी निदान हळूहळू तरी भरते.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा, पंपाजवळ नाही. मधली चार मीटर वायर पत्र्याला घासून सोलली तर पंपाजवळचा फ्यूज काहीच वाचवत नाही.

तात्या_बॅटरीवाले_सांगली

फ्यूजचं शंभर टक्के. आणि वायर जाड घ्या. वायरमध्येच अर्धा-पाऊण व्होल्ट पडला की लोक "बॅटरी चार्ज होत नाही" म्हणून माझ्याकडे येतात.

चिंचवडकर, उंच ट्युब्युलर हलत्या गाडीत नको, हे मान्य करतो. बुटकी घ्या, लोखंडी ट्रेमध्ये पट्ट्याने आवळा. पण घरी प्लग असलेल्या माणसाला लिथियमचे दुप्पट पैसे घालायला सांगणं मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. मेलेली ट्युब्युलर दुकानात वजनावर विकली जाते, शिशाचे पैसे हातात येतात. मेलेल्या लिथियमचे मला तरी आजवर कोणी पैसे देऊ केले नाहीत.

लिथियम_नाशिक

मरेल तेव्हा बघू. तोवर तुमच्या दोन संपलेल्या असतील.

बारामतीचा_नवा

दादा लोकांनो, प्रश्न माझाच होता. घरची जुनी १५० ची बॅटरी सल्ला मिळाल्या दिवशीच बसवलीय. आठवडा झाला, पंप चालतोय, म्हणून गप्प होतो. घरी अंगणात प्लग आहे. आता काय करू?

काचवाला_चिंचवड

संध्याकाळी गाडी बंद केल्यावर दोन तास थांब, काही चालू ठेवू नकोस, मग मीटर लाव. आकडा इथे लिही. १२.२ च्या खाली असेल तर निम्म्याहून जास्त उतरलीय. अशी रात्रभर तशीच ठेवलीस तर प्लेटांवरचं सल्फेट कडक होत जातं, मग चार्जर लावूनही पूर्ण भरत नाही.

तात्या_बॅटरीवाले_सांगली

आणि बूच उघडून सहाही सेल बघ. कपडे जुने घाल, डोळ्यांना चष्मा लाव. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पावडर असेल तर वायर काढून गरम पाण्यात खायचा सोडा घालून धू, पण सोड्याचं पाणी बुचातून आत जाऊ देऊ नकोस. कोरडं करून व्हॅसलीन लाव.

बारामतीचा_नवा

मोजलं. १२.०. पाच सेलमध्ये पाणी आहे, बॅटरीच्या मधल्या एका सेलमध्ये प्लेटा उघड्या. डिस्टिल्ड वॉटर आणलं, तात्यांनी सांगितलं तसं प्लेटा बुडतील एवढंच घातलं. मामाच्या दुकानातला १५ अँपिअरचा चार्जर लावलाय. गाडीच्या काचा खाली आहेत.

तात्या_बॅटरीवाले_सांगली

सकाळी चार्जर काढल्यावर तीन-चार तासांनी हायड्रोमीटरने सहाही सेलचे आकडे टाक. तो मधला सेल ११५० च्या आत राहिला तर ती बॅटरी भंगारात दे, तिच्यावर अजून पैसे घालू नकोस.